सगळ्यांना ऊन, सगळ्यांना पाणी

पुण्यातली पश्चिमेची गच्ची, दुपारपासून मावळतीपर्यंत उन्हाचा मारा आणि एप्रिलमध्ये चाळिशीला टेकणारा पारा. कठड्याला लागून सिमेंटची लांब पेटी बांधून घेताना माझी अट एकच होती: फुलं भरपूर हवीत, पण झाडांनी माझ्यामागे भुणभुण लावू नये. नर्सरीत शिरले आणि ती अटच विसरले. डिसेंबर होता. पिटुनिया, डेलिया, साल्व्हिया, सगळं ऐन बहरात. "ताई, ही सीझनची आहेत," असं त्या माळ्याने सांगितलंही होतं. मी ऐकलं ते फक्त "आहेत". मार्चचं ऊन तापलं तशी पिटुनियाची रोपं लांबुळकी झाली, पानं पिवळी पडली आणि खेळ आटोपला.

मग मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. आता बारमाही झाडंच लावायची. जास्वंद, बोगनवेल, सदाफुली आणि चिनी गुलाब, ज्याला आमच्याकडे सगळे ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. चौघांनाही कडक ऊन आवडतं, तेव्हा एकाच पेटीत सुखाने नांदतील असा हिशोब केला. तहानेचा विचार मनात आला नाही.

मे महिन्यात जास्वंद दुपारी माना टाकायची, म्हणून रोज संध्याकाळी पाइप धरायचा. ते पाणी अर्थातच सगळ्यांना मिळे. बोगनवेल त्यावर माजली. हिरव्यागार फांद्या, बोटभर काटे, आणि रंग औषधालाही नाही. फुलत नाही म्हणून मी शेणखत घातलं; ती आणखी वाढली. या वेलीला थोडी उपासमार लागते. माती सुकून पानं जरा मलूल झाली की मग पाणी द्यायचं, तेव्हा ती रंगावर येते. (ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच. फूल म्हणजे मधली पांढरट, बारीक नळी.)

सदाफुलीचं मात्र अजून लागतं. सदाफुली म्हणजे भिंतीच्या फटीतही उगवणारी, गुरंही तोंड न लावणारी. ती कोमेजली, म्हणून पाणी घातलं. आणखी कोमेजली, आणखी घातलं. शेवटी रोप ओढलं तर अलगद हातात आलं. बुडाशी खोड काळं, मुळांची साल बोटांत सुटून येत होती आणि मातीला गटारासारखा वास. तहानेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं. मातीत बोटाची दोन पेरं खुपसून पाहिली असती तर कळलं असतं. पेटीचं भोक गवंड्याच्या सिमेंटने बुजलं होतं, तेही तेव्हाच सापडलं.

पेटी रिकामी केली, खाली ड्रिलने चार भोकं पाडली. तळाशी विटांचे तुकडे भरा, असं हमखास सांगतात. त्याने निचरा काही सुधारत नाही, नुसती मातीची जागा जाते. त्यापेक्षा मातीच भुसभुशीत केली: लाल माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत, साधारण सारखं. पेटीत आता फक्त सदाफुली आणि ऑफिस टाइम. वरची माती कोरडी झाली की पाणी, एरवी नाही. पावसाळ्यात ऑफिस टाइम सडतो, हे गृहीतच धरते. दोन-चार फांद्या वळचणीच्या कुंडीत ठेवायच्या आणि ऑक्टोबरात पुन्हा खोचायच्या. दोन बोटांचा तुकडाही जगतो. बोगनवेलीला वेगळी कुंडी दिली, तिच्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष करते.

जास्वंद नळाजवळ मोठ्या कुंडीत हलवली. रोज पाणी मागते, कळ्यांवर पिठ्या ढेकूण येतो, जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून तो काढावा लागतो. कमी देखभालीच्या यादीत ती कुठल्याच अर्थाने बसत नाही. पण संकष्टीला गणपतीसाठी लाल फूल विकत आणायचं म्हटलं की सासूबाई गच्चीकडे बघतात, आणि मग माझं काही चालत नाही.