घरघर

वडिलांच्या मागे आमच्याकडे एक रेकॉर्डप्लेअर आणि लाखेच्या साठ-सत्तर तबकड्या आल्या. त्यांबरोबर एक घरघरही आली. परंतु ती इतक्या वर्षांची सोबतीण की तिच्याकडे आमचे लक्षच नव्हते. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्यास गिरणी ऐकू येत नाही, तशातलाच हा प्रकार.

दर एकादशीस आमच्या मातोश्रींकरिता नामदेवरायांच्या अभंगाची तबकडी लागते. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानलेले नर्सी आमच्या हिंगोलीजवळचेच, म्हणून त्या तबकडीचा मान अधिक. गेल्या पावसाळ्यापासून मात्र मातोश्री अभंग अर्ध्यावर आला की उठून आत जाऊ लागल्या. आता त्यांस गाण्याची गोडी उरली नाही, असा सिद्धांत आम्ही प्राध्यापकी घाईने मांडून टाकला. अखेर एके दिवशी त्याच म्हणाल्या, "अरे, आधी ती गिरणी बंद कर, मग गाणं लाव!"

तेव्हा कोठे आम्ही कान दिला. वार्धक्यात उंच स्वर आधी हरपतात, खर्जातले मागे राहतात. म्हणजे आम्हांस जी घरघर गाण्यामागे दडलेली, ती मातोश्रींच्या कानी पुढे उभी, आणि गाणे तिच्याआड!

तबकडीची खरखर निराळी. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, असा तीत हेतू होता. त्या खरखरीस इलाज नाही. घरघरीचे कुळ शोधण्यास मात्र एक सोपी परीक्षा आहे. थाळी फिरत ठेवून सुई उचलावी. तरीही गुणगुण राहिली तर दोष विजेचा, थांबली तर तो बहुधा थाळीतून सुईपर्यंत पोचणाऱ्या थरथरीचा. आमची थांबली.

शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरास आम्ही घरी आणले. त्याने थाळी उचलून आत पाहिले आणि म्हणाला, "सर, मोटर ज्या रबरावर बसलीय ते पार दगड झालंय. हादरा खाणार कोण?" शिवाय मोटरीचा फेरा थाळीस देणाऱ्या रबरी चाकास एके ठिकाणी खड्डा पडला होता, यंत्र बंद असतानाही ते चाक दाबलेलेच राहत असावे. कारागिराने सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून मोटरीखाली बसविली, चाक फिरवीत काचकागदाने सारखे केले, आणि दोन थेंब तेल सोडले. इंग्रजी वाङ्मयाच्या आमच्या तीस वर्षांच्या व्यासंगाचा या कामी उपयोग एवढाच, की आम्ही कंदील धरला.

मातोश्री त्या दिवशी अभंग संपेपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "यात मृदंग होता होय रे?"

होता. आम्हीही तो त्याच दिवशी प्रथम ऐकला. परंतु हे त्यांस सांगितले नाही.