दिवे गेले आणि रेडिओ लागला

"अशा तक्रारीला आमच्याकडे रकानाच नाही." हे उत्तर मला अजूनही बोचतं. ते देणारा माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहाचं विचारलं. पण रस्त्यावरचा दिवा लागत असेल तर त्याच्याबद्दल तक्रार कसली, असं त्याचं म्हणणं. आणि तो दिवा लागतो, हीच तर माझी तक्रार होती.

मागचं थोडक्यात सांगतो. मी सिन्नरचा. माळेगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, आता घरीच असतो. लहानपणी आमच्या आळीत घरोघरी विड्या वळल्या जायच्या. बायकांच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि कोनाड्यात रेडिओ. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की हात चालू राहायचे आणि तोंडं बंद व्हायची. केसकर नभोवाणीमंत्री असताना १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी थांबली आणि सगळा देश सिलोनकडे वळला. विविध भारती सुरू झाली १९५७ साली, पण आमच्या आळीने सिलोन सोडलं नाही. श्रीलंकेतला आवाज सिन्नरच्या कोनाड्यात येतो कसा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. यायचा, एवढं खरं.

२० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले. त्या आठवड्यात मुलाने विचारलं, "बाबा, शॉर्टवेव्ह म्हणजे नेमकं काय?" मी सांगत बसलो आणि त्याने मला टेकसनचा पीएल-३३० मागवून दिला. तळहातापेक्षा थोडा मोठा. बॅटरी बीएल-५सी, म्हणजे जुन्या नोकियाच्या फोनची, जी आजही कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. एफएमवर नाशिक आकाशवाणी १०१.४ वर पहिल्याच दिवशी खणखणीत लागली. मीडियम वेव्हवर मात्र पुणे केंद्र मिळेना. पुणे ७९२ किलोहर्ट्‌झवर, आणि माझा रेडिओ ७९० नंतर थेट ८०० वर उडी मारायचा. अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रं दहा-दहाच्या अंतरावर असतात, आपल्याकडे नऊच्या. मुंबईचं १०४४, जळगावचं ९६३, सगळे आकडे नऊच्या पाढ्यातले. रेडिओतली ही पायरी नऊवर आणली आणि पुणे बोलू लागलं. नवा रेडिओ घेणाऱ्याने हे सगळ्यात आधी करावं.

शॉर्टवेव्हचं मात्र काही जमेना. आपोआप केंद्रं शोधायचं बटण दाबलं की आकडे सरसर पळायचे आणि हाती एखाददुसरं केंद्र यायचं, तेही खरखरीत बुडालेलं. गच्चीवर नेलं, खिडकीत ठेवलं, एरियलला वायर जोडून ती वाळत घालायच्या दोरीवर टाकली. वायर जोडल्यावर घरघर आणखी वाढली. ज्याला विचारावं तो म्हणे, शॉर्टवेव्ह बंद पडलंय. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला संपलं, हा त्यांचा पुरावा. रेडिओ दुरुस्त करणारे आमचे एक जुने मित्र आहेत, तेही म्हणाले, "अरे, आता तिथे ऐकायला उरलंय कोण?" मलाही पटायला लागलं होतं.

आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या भागातली डीपी जळाली.

मी तेव्हा रेडिओ हातात घेऊनच बसलो होतो. लाइट गेली आणि त्याच क्षणी रेडिओतली घरघर कुणी कापून टाकावी तशी थांबली. मला आधी वाटलं, रेडिओच बंद पडला. पडद्यावर आकडे होते. मग त्या शांततेतून, अगदी मागून, एक बाई इंग्रजीत बातम्या सांगताना ऐकू आली. बीबीसी. मी चाकी फिरवत गेलो. ३१ मीटरवर चीनचं हिंदी प्रसारण, पलीकडे अरबीत कुराणपठण, मग एक भाषा जी मला ओळखता आली नाही, मग वाद्यांचा लांबलचक तुकडा. ४१ मीटरवर, जिथे कधी काळी सिलोन लागायचं त्या पट्ट्यात, केंद्राला केंद्र चिकटलेलं. आणि नऊच्या सुमाराला चक्क मराठी! एका ख्रिस्ती प्रसारसंस्थेचा कार्यक्रम होता. निवेदक आपल्याकडच्यासारखा स्वच्छ बोलत होता. आवाज हळूहळू फुगायचा आणि पुन्हा ओसरायचा, तसाच, जसा लहानपणी यायचा. बायको मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, हे कुठून बोलतायत?" मला सांगता येईना. डीपी बदलायला मध्यरात्र उलटली. लाइट आली आणि सगळं जग पुन्हा त्या घरघरीत गेलं.

म्हणजे शॉर्टवेव्ह बंद पडलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते माझ्या छपरावर येऊन पोचत होतं आणि आम्हीच त्याला आत येऊ देत नव्हतो. सूर्य मावळला की वातावरणातला तो खालचा थर विरतो, जो दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. मग ४९, ४१, ३१ मीटरवरच्या लहरी वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात. दिवसा १९ किंवा १६ मीटरवर शोधायचं, रात्री कमी फ्रिक्वेन्सीकडे खाली यायचं. निसर्ग आपलं काम चोख करत होता.

मेंटेनन्सची सवय, त्यामुळे मूळ शोधल्याशिवाय झोप येईना. मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावायची आणि रेडिओ घरातल्या एकेका वस्तूजवळ न्यायचा. मोबाइलचा स्वस्तातला चार्जर: करकर. सेट-टॉप बॉक्स बंद करूनही, पिन सॉकेटमध्ये असेतो: करकर. जिन्यातला एलईडी बल्ब सगळ्यात वाईट. यातल्या प्रत्येकात वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून व्होल्टेज उतरवतात. ते तोडणं नीट गाळलं नाही तर वायरिंगच एरियल होते. चार्जर बदलले, बल्ब बदलले, जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे फेराइटचे मणी काढून वायरींवर चढवले. घर बरंच निवळलं. तरी एक दणदणीत घरघर उरलीच.

मीडियम वेव्हची फेराइट कांडी रेडिओत आडवी असते. रेडिओ हळूहळू फिरवत गेलं की एका कोनात आवाज सर्वांत क्षीण होतो, तेव्हा कांडीचं टोक त्या आवाजाच्या दिशेला असतं. गच्चीच्या एका कोपऱ्यातून आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून बघितलं. दोन्हीकडून टोक एकाच खांबाकडे. पहाटे खांबाखाली उभा राहिलो. उजाडलं, दिवा विझला, आणि रेडिओ त्याच क्षणाला शांत झाला. पुन्हा पुन्हा जाऊन खात्री केली.

मग रस्त्यावरच्या दिव्यांच्या तक्रारी घेणाऱ्या त्या कार्यालयात गेलो. रेडिओ सोबत नेला, सगळं समजावलं. "दिवा चालू आहे ना?" चालू आहे. "मिचमिचतो का?" नाही. "शॉक येतो का खांबाला?" नाही. "मग काका, मी लिहू काय?" मी म्हटलं, लिहा की दिव्यामुळे रेडिओ ऐकता येत नाही. त्याने वही उलटी करून माझ्यापुढे धरली. बंद दिवा, तुटलेली तार, वाकलेला खांब. माझं त्यात कुठेच बसत नव्हतं. "मोबाइलवर ऐका ना, सगळं येतं," तो म्हणाला, आणि खरंच मदत म्हणून म्हणाला. संध्याकाळी खांबाखाली येऊन पाच मिनिटं ऐका, अशी विनंती केली. आला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो रजेवर होता आणि त्याच्या जागेवरच्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. अर्ज दिला, पोच मागितली. पोच मिळाली नाही, कारण अर्ज कुठल्या विषयाखाली घ्यायचा हेच ठरेना.

मोबाइलवर सगळं येतं हे खरं आहे. पण टॉवर चालू असेपर्यंत आणि पॅक भरलेला असेपर्यंत. शॉर्टवेव्हला मधे कुणी लागत नाही. कोण काय ऐकतंय हे कुणाला कळत नाही, आणि वर बसून कुणी बटण दाबून सहजासहजी थांबवू शकत नाही. एलईडीच्या खोक्यावर वॅट लिहिलेले असतात, लुमेन असतात, वर्षांची हमी असते. तो आसपासच्या रेडिओचं काय करतो, हे कुठे लिहिलेलं असतं? आत एक छोटं वेटोळं आणि कपॅसिटर नीट बसवला तर प्रश्न मिटतो. तेवढे पैसे वाचवायचे म्हणून सगळ्या आळीचा आकाशाशी संबंध तोडायचा, हे मला पटत नाही.

तरीही मी रागात म्हणून गेलो होतो की तो दिवा काढा, ते आता म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या मुली सेकंड शिफ्ट संपवून रात्री उशिरा बसमधून उतरतात. पूर्वी त्या कोपऱ्यावर काळोख असायचा आणि घरचं कुणी ना कुणी घ्यायला जाऊन उभं राहायचं. आता त्या एकट्या येतात. उद्या कुणी तो दिवा काढायला आला तर आडवा जाणाऱ्यांत मीही असेन. आणि बारा-बारा तासांचं भारनियमन ज्याने सोसलंय, त्याने लाइट जाण्याची वाट पाहावी, हेही मला शोभत नाही. पण वाट पाहतो, हे खरं आहे.

एरवी पोराच्या गाडीवर बसून दुबेऱ्याच्या रस्त्याला जातो, वस्ती मागे पडली की माळावर रेडिओ लावतो. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने पहिला रेडिओ असाच उघड्यावर लावावा, घरात लावून निकाल देऊ नये. वेळापत्रकं जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवावेत. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलतात, तेव्हा कालचं केंद्र आज नाही म्हणून घाबरू नये. आणि फार थांबू नये. केंद्रं दर वर्षी कमी होतायत, कुणी ऐकत नाही हे कारण देऊन. ऐकणाऱ्यांची नोंद कुठल्या वहीत होते, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मी आता बीबीसीला, चीनला, कोरियाला, जे लागेल त्याला पत्र लिहितो: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज कसा आला ते, आणि खाली गाव सिन्नर, जिल्हा नाशिक. दिव्याचा अर्जही पुन्हा देणार आहे. या वेळी विषय मीच लिहून नेईन.