सिलोनचा काटा

रेडिओ महाग असला की स्टेशन स्वच्छ लागतं, असं पुष्कळ जणींना वाटतं. आमच्या इंदूरच्या घरातला संच अगदी साधा होता. पण बुधवारी रात्री आठला गल्लीतल्या बायका आमच्याकडेच जमायच्या. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपलेली, चूल थंड. ‘बिनाका गीतमाले’ला आम्ही मोकळ्या!

१९५२ साली केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. लताबाई जन्मल्या इंदुरात, १९२९ साली. त्यांचा आवाज मात्र इंदूरकरांनी समुद्रापलीकडून ऐकायचा! १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी आमचा बुधवार सिलोनचाच राहिला.

रेडिओ लावायचा तो सासूबाईंनीच. गच्चीवर दोन बांबूंमध्ये त्यांनी तांब्याची तार ताणून घेतली होती, भिंतीला कुठेही न टेकणारी. दुसरी तार नळाजवळच्या ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी गजाला. उन्हाळ्यात त्या गजापाशी रोज तांब्याभर पाणी ओतायच्या. वीज कडाडली की आधी एरियल काढायची.

शॉर्टवेव्हच्या लहरी आभाळात फार उंचावरच्या थरावरून परतून येतात. अंधार पडला की तो थर बदलतो. म्हणून दिवसा लहान मीटर, रात्री मोठे. सासूबाईंना थरबीर ठाऊक नव्हते, पण पंचवीसवर आवाज बसू लागला की त्या बरोबर एकेचाळीसवर जात. मध्येच गाणं ओसरलं तरी काटा हलवू देत नसत. “थांब गं, येतंय परत.” आणि यायचंच.

सासरे गेले तेव्हा नात्यातल्या बायका म्हणाल्या, “आता गाणी कशाला?” त्या काही बोलल्या नाहीत. पण महिन्याभरानं एका बुधवारी, आठाला पाच कमी असताना, त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बटण फिरवलं. घरात कुणाची काही म्हणायची हिंमत झाली नाही. एरवी त्या घरात भाजी कुठली आणायची हेही त्यांना कुणी विचारत नसे.

आता शॉर्टवेव्हवर स्टेशनं थोडीच उरली आहेत. बीबीसी हिंदीचंही शॉर्टवेव्ह प्रसारण २०२० च्या जानेवारीत थांबलं. तरी तुमच्या घरी एखादा जुना ट्रान्झिस्टर असेल तर भंगारात देऊ नका. सेलवर चालवा, खिडकीशी ठेवा. एलईडी दिवे, टीव्ही, मोबाइलचा चार्जर बंद करा. खरखर करतात ते हेच. दांडीला चार-पाच मीटर साधी वायर अडकवून गॅलरीबाहेर सोडा. फार लांब नको, लहान संच गोंधळतो. रात्री एकेचाळीस, एकोणपन्नास मीटरवर हळूहळू शोधा.

आणि घरात म्हाताऱ्या सासूबाई असतील, तर काटा त्यांच्याच हाती द्या.