कागजीपुऱ्याचा रुक्का

भाचीच्या निकाहची तारीख ठरली तेव्हा माझ्या बहिणीच्या घरात पहिला वाद झाला तो जेवणावरून नाही, रुक्क्यावरून. आमच्या मराठवाड्यात लग्नपत्रिकेला अजूनही रुक्काच म्हणतात. मेहुण्यांचा इंतकाल होऊन दीड वर्ष झालेले, आपा घरी शिलाईचे काम करून घर चालवते. दुकानदाराने दाखवलेल्या कार्डांत स्वस्तातले कार्ड पस्तीस रुपयांना एक होते. चारशे कार्डे म्हणजे चौदा हजार रुपये. दीर म्हणाले, "वहिनी, पैशाची काळजी करू नका, मी उधारीवर छापून घेतो." आपा काही बोलली नाही. पण मला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो.

भाचीने मात्र तोंड उघडले. "खाला, आपण स्वतः केले तर?" तिने कॉलेजात असताना एकदा कागजीपुरा पाहिला होता.

औरंगाबादहून वेरूळला जाणाऱ्यांनी कागजीपुरा ओलांडलेला असतो, पण पाहिलेला नसतो. दौलताबादचा किल्ला मागे टाकला, जुन्या कोटाच्या वेशीतून गाडी पलीकडे गेली की खुलताबादच्या आधी हे गाव लागते. सगळ्यांना लेण्यांची घाई असते. आम्ही दोघी एका रविवारी निघालो. दौलताबादजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. परतताना घ्यायची ठरवली आणि अर्थातच विसरलो.

गावाच्या नावातच धंदा आहे. कागज करणारे ते कागजी, आणि त्यांचा पुरा. 1327 साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली हे आपण शाळेत शिकलो, तेही बहुतेक हसण्यासाठी. पण दरबार आला की फर्माने आली, हिशेब आले, मदरसे आले, आणि या सगळ्यांना कागद लागतो. आपले पूर्वज त्याच वेळी इकडे आले, असे इथली जुनी घराणी सांगतात. पुढे पेशवाईच्या काळातही जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला नाव होते. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तोही याच बिरादरीच्या हातांची खूण. शाही फर्मान आणि मराठी दफ्तर, दोन्हींसाठी लगदा कालवणारे हात मुसलमान कारागिरांचे होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. आता गावात हे काम करणारे थोडेच उरले आहेत.

आम्ही ज्या कारखान्यात गेलो तिथे एका कोपऱ्यात कापडाच्या चिंध्यांचा ढीग होता. झाड नाही, बांबू नाही. सुती चिंध्यांचाच हा कागद. चिंध्या बारीक कापतात, भिजवतात, मग यंत्रात पाण्याबरोबर फिरवून त्यांचा लगदा करतात. पूर्वी हे कुटायचे काम पायाने चालायचे. लगदा पाण्याच्या हौदात सोडतात आणि जाळीची चौकट त्यात बुडवून हलक्या हाताने वर उचलतात. पाणी खाली गळते, जाळीवर पातळ थर राहतो. तो कापडावर उलटवायचा, असे थरावर थर रचून दाबाखाली पाणी काढायचे, मग एकेक पान सुकवायचे. शेवटी घोटाई. घोटला नाही तर कागद खरखरीत राहतो.

आपा आमच्याबरोबर आली नव्हती, पण चिंध्या पाहून मला तीच आठवली. तिच्या मशीनखाली रोज अशाच पडतात.

तिथल्या बुजुर्ग कारागिरांना भाचीने विचारले, "चाचा, लग्नाच्या रुक्क्यासाठी कोणता घेऊ?" त्यांनी आधी उलट विचारले, "छापणार कशावर?" हा प्रश्न सोन्याचा होता. घरच्या प्रिंटरवर छापायचा आमचा बेत त्यांनी तिथेच मोडला. हातकागदाची जाडी सगळीकडे सारखी नसते, तो यंत्रात अडकतो. लेसरची शाई खडबडीत जागी धरत नाही आणि बोट लागले की झडते. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद दिसायला देखणा, पण अक्षर पाकळीवर आले की तुटते. त्यांनी साधा, फिक्या रंगाचा, घोटलेला जाड कागद काढला आणि कोपऱ्यावर शाईच्या पेनाने रेघ ओढायला सांगितली. शाई पसरली नाही. कांजी नीट बसली आहे, म्हणाले. छपाई स्क्रीनची करा, एकाच रंगात.

हिशेब भाचीने तिथेच वहीत मांडला. पान 22 इंच बाय 30 इंच. पावणेपाच बाय सात इंचांचे कार्ड धरले तर एका पानातून अठरा निघतात. दहा पानांत एकशे ऐंशी. दोन पाने खराबीसाठी. बारा पाने गुंडाळून घेतली, आणि ती एसटीत मांडीवर तान्ह्या बाळासारखी धरून आणली.

पण चारशेचे एकशे ऐंशी कसे झाले? यादी एका घराला एक या हिशेबाने पुन्हा लिहिली, माणशी एक नाही. जे लांब आहेत, ज्यांच्या हातात कार्ड जाणारच नाही, त्यांना मोबाईलवर आणि फोन करून. बुजुर्ग, शेजारी आणि ज्यांच्या घरी गेल्या वर्षी गमी झाली त्यांच्याकडे मात्र स्वतः जाऊनच. हे आपाने ठरवले.

मजकुराला कार्डापेक्षा जास्त दिवस लागले. वर काय लिहायचे? पूर्ण बिस्मिल्लाह किंवा आयत छापली आणि कार्ड पुढे रद्दीत गेले तर बेअदबी होते. कुणी म्हणाले 786 लिहा. शेवटी आमच्या वडिलांच्या रुक्क्यावर होते तसे नुसते "बिस्मिही तआला" लिहिले. हिजरी तारखेचाही घोळ होता. चाँद एक दिवस पुढेमागे झाला की छापलेली तारीख चुकते, म्हणून हिजरी महिना आणि साल दिले, दिवस इंग्रजी तारखेचा. एका बाजूला उर्दू आणि एका बाजूला मराठी, कारण आपाच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या बायका मराठीच वाचतात आणि त्यांना पाहुणे म्हणून बोलवायचे तर त्यांच्या वाचता येणाऱ्या भाषेत बोलवायला हवे. आमच्या नव्या पिढीतही उर्दू अडखळत वाचणारे आहेत, हे इथे कबूल केलेले बरे.

उर्दू मजकूर जुळवून आला तो छापखान्याच्या संगणकावर उघडताच अक्षरे सुटी झाली, भाचीचे नाव ओळखू येईना. इनपेजमध्ये केलेला नस्तालीक मजकूर दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावा, आणि छापण्याआधी कागदावरचा नमुना घरातल्या उर्दू वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावा. आम्ही हे एक दिवस वाया घालवून शिकलो.

खरी अडचण "अल-दाई"ला आली. बोलावणारा म्हणून नाव कुणाचे? रिवाजाप्रमाणे दिरांचे यायला हवे होते. ते स्वतः तसे म्हणाले नाहीत, पण बिरादरीतल्या दोघांनी म्हटले. आपाने तेव्हाही उत्तर दिले नाही. संध्याकाळी तिने भाचीच्या वहीतले पान ओढून घेतले, वडिलांच्या नावामागे "मरहूम" लिहिले आणि खाली अल-दाईपुढे स्वतःचे नाव घातले. त्याखाली दिरांचे. दीर वाचून थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "बरोबर आहे. जेवणाचे मी बघतो." मला त्यांचा फार आदर वाटला.

दोन्ही बाजूंच्या दोन स्क्रीन, गडद हिरवा रंग, कापणी, कागद आणि जाण्यायेण्याचे भाडे धरून सगळे चार हजारांच्या आत बसले. पाकीट केलेच नाही. आपाच्या मशीनखालच्या हिरव्या सुताने प्रत्येक कार्ड बांधले आणि नाव भाचीने हाताने लिहिले. बारा-पंधरा कार्डांवर शाई फासली, ती बाजूला काढली. जास्तीची दोन पाने तिथे उपयोगी पडली.

पहिली कार्डे वाटायला निघालो तेव्हा खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यावर जाऊन आलो आणि वाटेत कागजीपुऱ्याला उतरलो. चाचांनी रुक्का हातात घेतला. वाचला नाही. आधी अंगठा कडेवरून फिरवला, आणि नाराजीने म्हणाले, "बेटी, चारी बाजूंनी कापायला नको होता. एक तरी कोर आमच्या हातची ठेवायची." मग चष्मा काढून आणायला आत गेले.