देवी काढणे

वर्गात एक जुनी कथा शिकवीत होतो. तिच्यातील नायिकेच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे तिला देवीला सोडली होती का?" वर्गात कोणी हसले नाही, इतरांनाही अर्थ ठाऊक नव्हता. शिक्षक म्हणून मला क्षणभर खंत वाटली आणि पाठोपाठ बरेही वाटले. भारतातला देवीचा अखेरचा रुग्ण 1975 सालचा. रोगच गेला, तर शब्दाने कोणाच्या आधारावर राहावे?

माझ्या दंडावर मात्र त्या शब्दाची खूण आहे. आई 'लस टोचली' असे कधी म्हणत नसे. 'देवी काढल्या' म्हणे. रोग झाला की देवी 'येत', आणि तो होऊ नये म्हणून त्या 'काढायच्या'. दोहोंना नाव एकच. लहानपणी हे मला कोडे वाटे. पुढे कळले, की भाषेने यात काही चूक केलेली नव्हती.

14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली. भारतात ती यशस्वी झालेली ही पहिलीच. बगदाद, बसरा असा प्रवास करून लस इथवर आली होती. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. लस जिवंत ठेवायची ती मुख्यतः मुलांच्या दंडांवर. एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला, दुसऱ्याच्या फोडातला तिसऱ्याला. अॅनाच्या दंडावरून ती अशीच पुढे गेली. तिला कोणी विचारले नसणार. तिच्याविषयी इतिहासाला आस्था आहे तीही त्या दंडापुरतीच, हे मला नेहमी खुपते.

आमची आजी शितळासप्तमीला चूल पेटवीत नसे, शिळे जेवे. आणि टोचणारा गावात आला की नातवंडांना दंडाला धरून स्वतः त्याच्यापुढे उभे करी. यात विसंगती आहे असे तिला कधी वाटले नाही. मलाही आता वाटत नाही. तिच्या दोन मुली एकाच आठवड्यात घटसर्पाने गेल्या होत्या. त्या माझ्या आत्या. घरात त्यांची नावे कोणी घेत नसे, त्यामुळे मला ती माहीतही नाहीत.

हे सारे आठवायचे कारण माझा पुतण्या. शिकलेला, वाचणारा मुलगा. त्याची मुलगी अकरा महिन्यांची झाली तरी नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस राहिलेली. "काका, आता गोवर कुठे आहे?" मी म्हणालो, 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला होता, मुले दगावली. त्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होते: "ती वस्ती वेगळी." हे वाक्य मला फार लागले. मग आकडे बाजूला ठेवून मी त्याला आजीच्या त्या दोन मुलींविषयी सांगितले. आपल्याला आणखी दोन आज्या होत्या हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने विचारले, "नावं काय त्यांची?"

मला सांगता आले नाही.

पुढच्या आठवड्यात एका रात्री त्याचा फोन आला. "काका, लस दिली तेव्हा फार रडली. आता अंग जरा कोमट लागतंय." मी म्हटले, ताप मोजून डॉक्टरांना कळव. मागे ती किरकिरत होती. बराच वेळ आम्ही दोघेही ते ऐकत राहिलो.