टेंभुर्णीचे पान

सोलापूरच्या पूर्वभागात दुपारच्या वेळी फिरताना उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या स्त्रिया दिसतात. ओल्या फडक्यातून पान निघते, कात्रीने मापात कापले जाते, त्यात चिमूटभर तंबाखू पडते आणि पाहता पाहता दोऱ्याने बांधलेली विडी सुपात येते. बोलणे तेलुगूत चालू असते. हात मात्र थांबत नाही, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. याच कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तेथील घरे त्यांच्या हाती आली.

पान मात्र सोलापूरचे नव्हे. माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या गवताळ माळांचा हा जिल्हा. येथे तेंदूचे रान कोठून असणार? जिल्ह्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे आणि तेंदूचे मराठी नावही तेच; पेठेत येणारे पान तेवढे परमुलुखाचे. विदर्भ, तेलंगण, छत्तीसगड, ओडिशा ही त्याची माहेरे. गडचिरोली येथून सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

पान तोडल्याने झाड मरत नाही, हे खरेच. पण विडीला हवे कोवळे, लवचीक पान. ते भरपूर फुटावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झाडे छाटली जातात आणि पुष्कळ ठिकाणी रानाला आगही लावली जाते. त्या आगीत पाचोळ्याबरोबर इतर झाडांची रोपे, जमिनीवरची घरटी, असंख्य सूक्ष्म जीव भस्मसात होतात. छाटलेली टेंभुर्णी झुडूपच राहते. अस्वलांना आणि पाखरांना प्रिय असलेले तिचे फळ धरत नाही. शहरातला मजूर विडी शिलगावतो, तेव्हा ही पहिली आग त्याच्या गावीही नसते.

तरीही वनवासी कुटुंबाला दोष देणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यापूर्वी हाती येणारा रोकड पैसा बहुधा याच पानाचा असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने हा पैसा नाकारला. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर, छाटणी आणि वणवा नको म्हणून, ग्रामसभेने तेंदू तोडणे बंद केले. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात या निर्णयाची आवर्जून नोंद घेतली आहे. पाचगावाला बांबूच्या उत्पन्नाचा आधार होता. सोलापूरच्या उंबऱ्यावरील सुपात मात्र विडीवाचून दुसरे काही अद्याप आलेले नाही.