पायाचा चिरा

देवळाचा कळस कोसावरूनही दिसतो. पायातला चिरा मात्र कोणाच्याच नजरेस पडत नाही. फुटबॉलच्या मैदानावरही असेच घडते. गोल करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. प्रतिपक्षाकडून चेंडू हिरावून घेऊन तो मुकाट्याने आपल्या गड्याच्या स्वाधीन करणारा मात्र मागे राहतो. जपानचे हाजिमे मोरियासू हे असेच मागे राहणारे खेळाडू होते.

त्यांचा जन्म १९६८ सालचा. बालपण नागासाकीत गेले. १९८७ साली ते हिरोशिमा येथील माझदा या मोटार कंपनीच्या संघात दाखल झाले. १९९२ साली राष्ट्रीय संघात त्यांची निवड झाली, तेव्हा हे नाव पुष्कळांना अपरिचितच होते. त्या काळी जपानी मुलांच्या तोंडी नाव होते ते काझुयोशी मिउरा यांचे.

२८ ऑक्टोबर १९९३ रोजी कतारची राजधानी दोहा येथे जपानचा इराकशी सामना झाला. तो जिंकला असता, तर जपानला प्रथमच विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. जपानकडे २-१ अशी आघाडी होती. नियत वेळ संपली आणि वाढीव वेळेतील काही क्षण तेवढे उरले. इतक्यात इराकच्या खेळाडूने डोक्याने चेंडू गोलात धाडला! बरोबरी झाली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. मैदानावर सुन्न झालेल्या त्या संघात मोरियासूही होते.

पुढे ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हिरोशिमाच्या संघाने २०१२, २०१३ व २०१५ साली जपानच्या साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. २०१८ साली राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. परंतु २०२१ साली ओमान व सौदी अरेबिया यांच्याकडून जपानचा पराभव होताच, त्यांना दूर करा, अशी ओरड सुरू झाली. मोरियासूंनी वाद घातला नाही. सामना चालू असता वहीत टिपणे करीत राहण्याचा आपला परिपाठ त्यांनी सोडला नाही. संघ सावरला आणि २०२२ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

ही स्पर्धा भरली कतारमध्येच! जपानने बलाढ्य जर्मनीला २-१ असे नमविले. दोन्ही गोल राखीव खेळाडूंनी केले. कोस्टा रिकाकडून हार पत्करावी लागली. तथापि स्पेनवर पुन्हा २-१ असा विजय मिळाला. त्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटाला आपल्याला १९९३ च्या दोहाची आठवण झाली, असे मोरियासूंनी नंतर सांगितले. पण या वेळी त्यांचे खेळाडू भयाने मागे सरले नाहीत. ते चेंडू मिळविण्यासाठी पुढे धावत होते.

पुढील फेरीत क्रोएशियाने पेनल्टीच्या फटक्यांवर जपानला हरविले. तेव्हा मोरियासू प्रेक्षकांसमोर गेले आणि कमरेत वाकून त्यांनी सर्वांना अभिवादन केले.

युरोपातील नामांकित प्रशिक्षकांच्या मानाने मोरियासूंची कीर्ती आजही बेताचीच आहे. परंतु कीर्ती ही लोकांनी द्यावयाची वस्तू. ती ते देतात आणि परतही घेतात. काम मात्र ज्याचे त्याच्या हाती असते. पायाचा चिरा आपल्या जागी घट्ट बसला, म्हणजे कळसाला वाऱ्याचे भय उरत नाही.